आक्कासाहेबांचं साटं

आक्कासाहेबांनी मला माझं नाव कधीच विचारलं नाही. बेळगावच्या अनगोळमध्ये माझी रक्त तपासायची छोटी लॅब आहे, तिथून चार घरं सोडून त्यांचं घर. त्यांची साखर तपासायला मी पहिल्यांदा गेले, पिशवीतून सुई काढली, तर हात पुढे करायच्या आधी त्यांनी विचारलं, "माहेर कुठलं गं?"

"खानापूरकडचं."

"खानापूरकडं कुठं?"

मी गाव सांगितलं. आडनाव सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, आणि कपाटातून एखादी फाइल काढावी तसं बोलल्या, "तुमच्यातली एक नंदगडला दिलीया. गोरी. गालावर तीळ. तुझी कोण?"

"आत्या."

"नांदती का बरी?"

"बरी आहे."

"मग काढ रक्त."

त्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी 'खानापूरची' झाले. मला त्याचं वाईट वाटलं नाही, कारण नावानं त्या कुणालाच हाक मारत नसत. गल्लीतला दूधवाला 'सदलग्याच्या म्हातारीचा नातू' होता आणि समोरच्या बंगल्यातले निवृत्त प्राध्यापक 'त्या दोघी बहिणींच्या मधला'. एकदा शहरातल्या चौकात पोलिसानं त्यांची गाडी अडवली. पोलीस चिकोडीकडचा, कन्नड बोलणारा. आक्कासाहेबांनी काच खाली केली आणि कन्नडमधून तीन प्रश्न विचारले. तिसऱ्या प्रश्नाला त्याच्या सासूची थोरली बहीण निघाली. तो पावती फाडायची विसरून पाया पडायला वाकला. गाडी हलल्यावर त्या म्हणाल्या, "त्याची बायको माहेरी येऊन बसलीया दोन महिनं. बोलला न्हाय. पर मला ठाऊक हाय."

सत्याहत्तर वर्षांची बाई. काटकुळी, ताठ, इरकली नऊवारी, डोक्यावरचा पदर कधी ढळलेला मी पाहिला नाही. निपाणीकडच्या देसायांच्या घराण्यातल्या. जमीन बरीचशी गेलेली, मुलांच्या शिक्षणासाठी माणसं बेळगावात आलेली, आणि अनगोळमधलं घर म्हणजे फरशी, स्लॅब, फाटकात दोन गाड्या. त्या घरात जुनं असं काही असेल तर त्या एकट्या. ओसरीवर फाटकाकडे तोंड करून खुर्चीत बसायच्या आणि सुपारी कातरायच्या. खायच्या नाहीत, कातरून डबी भरायच्या आणि येणाऱ्याला द्यायच्या.

त्यांच्या मते बायका दोन प्रकारच्या. दिलेल्या आणि आणलेल्या. घरातून कोणकोण कुठे दिली आणि कुठून कोणकोण आणली हे त्यांना पाच पिढ्यांचं पाठ होतं. पुरुषांची नावं मध्ये कुठेतरी येत, खुंटीला कपडे अडकवावेत तशी.

त्या स्वतः कशा दिल्या गेल्या ते त्यांनी मला एकदा टीव्हीवर बातम्या चालू असताना सांगितलं. दोन घरांचा नदीकाठच्या मळीच्या जमिनीवरून वाद होता, तो मिटवायला लग्न ठरलं. ठरलं थोरल्या मुलाशी. लग्नाला आठ दिवस असताना थोरला तापानं गेला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? घराला दिलेली. धाकटे हुतेच की."

"तुम्हाला कुणी विचारलं का?"

"इच्यारलं की. शिंप्यानं. लगीन दोन महिनं लांबलं, तवर चोळी आवळ व्हईल का म्हणून."

आणि हसल्या. त्या हसल्या की मला जरा अवघडल्यासारखं व्हायचं. हसणं तोंडातच राही, डोळ्यांपर्यंत जात नसे.

आता साट्याबद्दल सांगते, कारण त्यावाचून पुढचं कळणार नाही. आमच्या भागात साटंलोटं म्हणतात. दोन घरांनी एकमेकांना मुली द्यायच्या. तुमची आमच्याकडे, आमची तुमच्याकडे. मानपान बरोबरीत सुटतो, खर्च निम्म्यावर येतो. आणि एक अट असते जी कुणी बोलत नाही: आमचीला तिथे रडवलंत, तर तुमची इथे आहे.

आक्कासाहेबांनी मुलगी सुमी अशीच दिली. सदलग्याच्या पलीकडे दूधगंगेच्या काठी एक बडं घर आहे. आक्कासाहेब त्यांना नुसतं 'नदीकाठचे' म्हणत. तिथल्या दादासाहेबांना सुमी दिली आणि दादासाहेबांची बहीण शैला आपल्या थोरल्या मुलाला आणली. अडीच वर्षांनी सुमी गेली. मूल झालं नव्हतं. सकाळी जेवली, पोटात दुखतंय म्हणाली, आणि दिवस मावळायच्या आत संपली. आमच्याकडे सवाष्ण गेली की शेवटचं लुगडं माहेरचं लागतं, माहेरची माणसं आल्याशिवाय उचलत नाहीत. आक्कासाहेब हिरवं लुगडं घेऊन पोचल्या तेव्हा नदीवर राख निवत होती.

हे त्यांनी मला सलग कधीच सांगितलं नाही. निम्मं शैलावहिनींकडून कळलं, निम्मं गल्लीतून. त्यांनी स्वतः एकदाच विषय काढला. मी दंडाला पट्टी आवळत होते.

"रक्तात कळतं का गं, माणसानं काय खाल्लंया ते?"

"कधी कधी कळतं. काय शोधायचं ते माहीत असलं तर."

"आणि जाळल्यावर?"

"नाही कळत."

"हं," त्या म्हणाल्या. "मग त्यांची घाई बराबर हुती."

मी सुई घातली.

पोलिसांत का गेला नाहीत, हे मी विचारलं. मला असलं विचारायला संकोच वाटत नाही. त्या म्हणाल्या, थोरला मुलगा निघालाच होता चौकीवर, मीच फाटकात आडवी झाले. शैलाला आठवा महिना होता. तक्रार झाली असती तर नदीकाठचे दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आले असते, शैलाला आणि पोटातल्याला घेऊन गेले असते. "एक गेली. आणलेली बी गेली असती. मग हातात काय ऱ्हायलं असतं?"

सुमीच्या तेराव्याला त्यांनी शैलावहिनींना शेजारी बसवून स्वतःच्या हातानं भरवलं होतं. शैलावहिनी ते सांगताना आजही अंग चोरतात. आक्कासाहेबांशी मी त्याबद्दल बोलले तेव्हा त्यांनी अडकित्ता थांबवला. "तिला छळलं न्हाय मी. छळता आलं असतं. कुणी नावं ठेवली नसती."

वर्षाच्या आत दादासाहेबांनी दुसरं लग्न केलं, मंगलाबाईंशी. पहिल्याच वर्षी मुलगा झाला, पृथ्वी. मग मुलगी, तेजू. दोन्ही घरांचं येणंजाणं चालू राहिलं. दिवाळीला फराळ, उसाच्या हंगामात काकवी. इतकी वर्षं आक्कासाहेबांनी ते नातं असं सांभाळलं की नव्या माणसाला मध्ये काही घडलंय हे कळूच नये.

मागच्या वर्षी दादासाहेब स्वतः अनगोळला आले. मी साखरेचा रिपोर्ट द्यायला गेले होते आणि बसून राहिले. मला कुणी ऊठ म्हटलं नाही. शैलावहिनींचा मुलगा रणजित आणि दादासाहेबांची तेजू यांचं जमलेलं होतं. तेजू बेळगावात आत्याकडेच राहून शिकलेली. मामाची मुलगी म्हणजे रिवाजानंही चालणारं. कुणाला अडचण असायचं कारण नव्हतं.

"पोरगी देतो आक्कासाहेब," दादासाहेब म्हणाले. जाडजूड, गोड बोलणारा माणूस. "पर एकेरी देत न्हाय."

"मग?"

"केतकी हाय की. आमच्या पृथ्वीला."

केतकी म्हणजे आक्कासाहेबांच्या धाकट्या मुलाची मुलगी. आईबाप पुण्याला, ती बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या एका कारखान्यात इंजिनियर, म्हणून आजीकडे राहायची. चोवीस वर्षांची, स्कूटरवरून उडत जाणारी, घरात एकटी आजीला उलटून बोलणारी. त्या वेळी ती कामावर होती.

आक्कासाहेबांनी सुपारीची दोन खांडं केली. एक दादासाहेबांना दिलं. म्हणाल्या, "बरं. साटं पुरं करू."

केतकी आल्यावर जे व्हायचं ते झालं. हेल्मेट काखेत तसंच ठेवून ती ओरडली, "आज्जी, कारखान्यात साधा नट बदलायचा तर तीन सह्या लागतात! माझी एक सुद्धा नको?"

"द्यायची हायस तू. सही कशाला?"

"द्यायची म्हंजी काय? मी काय हळदीकुंकवाचा नारळ हाय?"

"नारळ बरा. बोलत तरी न्हाय."

शैलावहिनी आत तोंडाला पदर लावून हसत होत्या. मग हसणं थांबलं आणि पदर तोंडाला तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी आक्कासाहेबांना सरळ म्हणाले, "एक मुलगी गेली तुमची त्या घरात. दुसरी कशाला पाठवता?"

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. "इतकी वर्सं तुटू दिलं न्हाय मी. आत्ता तोडलं तर सुमी फुकट गेली."

मी हिशेबी बाई आहे, मला भावनेत पडायला वेळ नसतो. पण हे ऐकून मी पट्टी, सुई, नळी सगळं भलत्याच क्रमानं पिशवीत भरलं. त्यांचं म्हणणं मला समजलं होतं, हीच अडचण. मुलीच्या मरणावर त्यांनी एक पूल बांधला होता, आणि तो पडू नये म्हणून त्याच्यावर दुसरी मुलगी उभी करायला निघाल्या होत्या.

मग नदीकाठचे केतकीला रीतसर बघायला आले. दादासाहेब, पृथ्वी, मंगलाबाई, आणि दादासाहेबांच्या आई. त्यांना सगळे बाईसाहेब म्हणत. ऐंशी पार केलेल्या, गोऱ्यापान, मऊ हातांच्या. ते घर दादासाहेबांचं असलं तरी स्वैपाकघर अजून बाईसाहेबांच्या ताब्यात होतं, हे त्यांनी स्वतःच दोनदा सांगितलं. "डाळीत मीठ बी मीच घालते. दुसऱ्याला जमत न्हाय." इथे मात्र त्यांनी कशालाच हात लावला नाही, नुसतं कपभर दूध घेतलं. केतकीची हनुवटी धरून म्हणाल्या, "लई वाळकी हाय. आमच्याकडं आली की भरंल."

शैलावहिनी हॉलमध्ये अडकल्या होत्या, म्हणून मी आत पुऱ्या तळत होते. मंगलाबाई हात धुवायला आल्या आणि ओट्याशीच उभ्या राहिल्या. बाहेर पानावर त्या सगळ्यांबरोबर जेवून आल्या होत्या. तरी म्हणाल्या, "एक पुरी द्या." दिली. उभ्यानं खाल्ली. मग दुसरी. मग बटाट्याची भाजी ताटलीत घेऊन, मग श्रीखंड. दुष्काळातून आल्यासारख्या नाही, सुट्टीवर आल्यासारख्या जेवत होत्या. जेवता जेवता विचारलं, "केतकीला स्वैपाक येतो?"

मुलगी बघायला आलेल्या बाईचा नेहमीचा प्रश्न. मी म्हणाले, "थोडाफार. पोहे, आमटी."

"शिकवा. सगळा शिकवा." त्यांनी मागे वळून दाराकडे पाहिलं. "तिकडं मी माझ्या हातानं केलेलंच खाते. लगीन झाल्यापासनं. तिला दुसऱ्याच्या हातचं खायची सवय नको."

कढईतली पुरी करपली. मी ती काढून बाजूला ठेवली. मंगलाबाईंनी तोंड पुसलं, कुंकू सारखं केलं आणि हॉलमध्ये जाऊन सासूच्या मागे उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हे आक्कासाहेबांना शब्दाला शब्द सांगितलं. चूक की बरोबर याचा विचार करत बसले नाही. रिपोर्ट आला की द्यायचा असतो. त्यांनी विचारलं ते एवढंच:

"आमच्यात किती जेवली ती?"

"दोनदा. दुसऱ्यांदा पोट भरेपर्यंत."

"कुणी केलंवतं?"

"शैलावहिनींनी. पुऱ्या माझ्या."

"बघितलंवतं का तिनं करताना?"

"नाही."

त्यांनी अडकित्ता मिटला आणि डबीचं झाकण लावलं. त्या दिवशी फाटकातून आलेल्या कुणालाच सुपारी मिळाली नाही.

सुपारी फोडायचा कार्यक्रम अनगोळलाच झाला. दोन्हीकडची पन्नासेक माणसं, सतरंज्या, मध्ये पाट. रणजित-तेजूची याद, म्हणजे देण्याघेण्याचा कागद, वाचून झाली. भटजींनी दुसरा कागद उचलला, तशा आक्कासाहेब खुर्चीतून म्हणाल्या, "केतकीचं वाचू नका."

दादासाहेब हसत म्हणाले, "का हो आक्कासाहेब? शब्द दिलाया तुम्ही."

"दिलाया. मोडत न्हाय. तेजू आमच्याकडं येणार, तर आमच्या घरातली एक बाई तुमच्याकडं पाहिजे. मी येते."

पुरुष मंडळी हसली. कुणीतरी म्हणालं, नवरी आक्कासाहेबच, आता पृथ्वीची शेरवानी शिवा. हशा वाढला. आक्कासाहेब तो संपेपर्यंत थांबल्या.

"पावणी म्हणून या की आठ दिवस," दादासाहेब म्हणाले. "घर तुमचंच हाय."

"पावणी म्हणून न्हाय. दिलेली म्हणून. सुमीची खोली असंल की रिकामी."

आता कुणी हसलं नाही. दादासाहेबांनी आईकडे पाहिलं. माझंही लक्ष तिकडेच होतं. बाईसाहेब पहिल्यापासूनच हसल्या नव्हत्या. त्यांचे मऊ हात मांडीत एकमेकांना धरून होते. पन्नास माणसांत, सत्याहत्तर वर्षांच्या विहिणीला, आमच्या घरी येऊ नका असं कोण म्हणणार? आणि का म्हणून, ते कसं सांगणार?

"या," बाईसाहेब म्हणाल्या.

लग्न झालं. तेजूनं अनगोळच्या उंबऱ्यावरचं माप ओलांडलं आणि ज्या गाडीतून ती आली त्याच गाडीत त्या दुपारी आक्कासाहेब बसल्या. एक ट्रंक, पांघरूण, गोळ्यांची पिशवी. केतकी गाडीचं दार धरून रडत होती. "आज्जी, कुणीच जायला नको होतं. मी नुसतं न्हाय म्हटलं असतं!"

"तू न्हाय म्हटलं असतंस तर रणजितचं मोडलं असतं. आणि म्हाताऱ्या बाईला कुणी विचारत न्हाय, ते बरं असतंय. सोड दार. उद्या पहिली शिफ्ट हाय न्हवं तुझी?"

मग मला जवळ बोलावलं. "खानापूरची, महिन्याला रक्त काढायला येत जा."

"चिकोडीत लॅब आहेत की. इतक्या लांब..."

"तूच ये. सगळ्यांच्या देखत काढ. आणि एक नळी जास्तीची भर."

मी हो म्हणाले. असल्या बाईला दुसरं काय म्हणणार?

तीनदा जाऊन आले. पुढच्या आठवड्यात परत जायचं आहे. आक्कासाहेबांना शेवटचं पाहिलं ते तिसऱ्या फेरीत. नदीकाठचं घर मोठं, नवं बांधलेलं, अंगणात उसाच्या ट्रॉल्या, आत चकचकीत फरशी, पाणी शुद्ध करायचं यंत्र, आठ खुर्च्यांचं जेवायचं टेबल. टेबलाशी कुणी नव्हतं. मंगलाबाई मला स्वैपाकघराकडे घेऊन गेल्या. कदाचित मला तसं वाटलं असेल, पण त्यांच्या गालावर मांस आलं होतं.

"दोघी एका ताटात जेवत्यात," त्या दाराशी कुजबुजल्या. "पहिल्याच दिवशी आक्कासाहेब म्हणाल्या, विहिणी एका ताटात जेवल्या की नातं पक्कं हुतंय. सगळे समोर हुते. सासूबाईंना न्हाय म्हणता आलं न्हाय. तवापासनं रोज, दोन्ही वेळा. स्वैपाक आजून सासूबाईंचाच, आणि मान मोठ्याचा म्हणून पहिला घास बी त्यांचाच. मी बी आता तिथंच बसते, त्यांच्यानंतर."

आत दोघी पाटांवर समोरासमोर बसल्या होत्या. मी आधी रक्त काढून घेतलं, सगळ्यांच्या देखत, एक नळी जास्तीची. आक्कासाहेब जरा खंगल्या होत्या. बाईसाहेब त्यांच्याहून जास्त. मऊ हातांवरची कातडी लोंबत होती.

"चला आता," मी आक्कासाहेबांना म्हणाले. "केतकीनं सांगून पाठवलंय. तेजू रुळली, सगळं झालं. गाडी आहे बाहेर."

"सुमी अडीच वर्सं हुती हितं," त्या म्हणाल्या. "मला आजून तीन महिनं बी झालं न्हाईत." मग बाईसाहेबांकडे वळून, गप्पा मारल्यासारखं विचारलं, "त्या दिवशी सकाळी सुमी काय जेवली म्हणालात?"

"इतकं जुनं कुठलं आठवतंय," बाईसाहेब म्हणाल्या.

"आठवंल. हाय मी."

मंगलाबाईंनी ताट आणून दोघींच्या मध्ये ठेवलं. भाकरी, वांग्याची भाजी, डाळ, कडेला लोणचं. वाफ येत होती. मंगलाबाई मागे सरकल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. मी नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते, त्या चिकटवून झाल्या तरी कुणी जेवायला लागलं नव्हतं. बाईसाहेबांचा हात पदराखाली होता. आक्कासाहेबांचे दोन्ही हात मांडीवर.

डाळीवर साय धरायला लागली.

"घ्या की बाईसाहेब," आक्कासाहेब म्हणाल्या. "मला भूक लागलीया."